तिठ्यावरची निरगुडी

मार्गशीर्षाची सकाळ. माळावर दहिवराचे दूध सांडले होते आणि त्या दुधात केशर कालवावे तसा कोवळा, पिवळा, लाजरा प्रकाश हळूहळू उतरत होता. कापून नेलेल्या बाजरीचे बुडखे ओले होते, कुसळे ओली होती, काळ्या दगडांच्या पाठी ओल्या होत्या. दूर पश्चिमेला सह्याद्रीची निळी, निद्रालस रांग एकमेकींच्या अंगावर हात टाकून झोपलेल्या बहिणींसारखी पहुडली होती. इतकी सुंदर सकाळ त्या दिवशी कुणी मागितली नव्हती.

त्या माळावरून एक वाडा उठत होता. हा वाडा दगडमातीचा नव्हे. हा धनगरांचा वाडा, पायांवर उभा असलेला, रोज सकाळी मोडणारा आणि रोज सांजेला नव्याने मांडला जाणारा. दिवाळी सरली, माणदेशाचे गवत पिवळे पडले, की तो पश्चिमेची वाट धरी, घाट उतरे, कोकणातल्या मोकळ्या भातखाचरांत मेंढरे बसवी आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा वर येई. मेंढरे रात्रभर शेतात बसली की त्यांच्या लेंड्यांनी शेत धष्टपुष्ट होते, म्हणून वाटेवरचे शेतकरी या वाड्याची आतुरतेने वाट पाहत. घर नाही, दार नाही. अंगण मात्र मैलोन्मैल.

आणि या वाड्यात नवराबायको रोज वेगवेगळ्या वाटेने चालत. तांबडे फुटले की पुरुष मेंढरे घेऊन डोंगराला लागत, चारत चारत, वळसे घेत, कडेकपारींतून, आणि दुपार ढळता मागून गाडीवाटेला येऊन मिळत. बायका पाल गुंडाळत, घोड्यांवर बिऱ्हाड लादत आणि पोरेबाळे घेऊन गाडीवाटेने पुढच्या मुक्कामाला निघत. सकाळी ताटातूट, सांजेला भेट. सांजेला भेट, सकाळी ताटातूट. लग्नाच्या गाठी देव बांधतो म्हणतात. या लोकांची गाठ तो रोज सोडी आणि रोज बांधी.

तेव्हा कुणाच्या कमरेला फोन लटकत नव्हते. वाटेला फाटा फुटला की पुढे गेलेली बाई घेतलेल्या वाटेच्या तोंडाशी एक डहाळी ठेवी आणि तिच्यावर एक दगड. ज्याची त्याची खूण निराळी. बिरूच्या घरची खूण म्हणजे निरगुडीची डहाळी आणि तिला काळ्या लोकरीचा दोरा. निरगुडी कडू, उग्र. तिला ना मेंढरू तोंड लावी, ना शेळी. मागून शेकडो तोंडे येणार असताना खूण अशीच हवी, जी कुणाच्या पोटात जाणार नाही.

या खुणेचा नेम मोठा कडक होता. जिने खूण ठेवली तिने खुणेच्या टोकाला बसून राहायचे. मागचे माणूस येईपर्यंत जागा सोडायची नाही. ज्याने खूण वाचली त्याने दगड बाजूला सारायचा आणि डहाळी जवळच्या झाडाला उलटी टांगायची, म्हणजे आणखी मागून येणारा फसायचा नाही. आणि ज्याच्या घरची खूण त्यानेच ती उचलायची. परक्या खुणेला हात लावणाऱ्याला वाड्यात कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. चालत्या माणसांनी एकमेकांना हरवू नये म्हणून आजे-पणजे एवढे शहाणपण मागे ठेवून गेले होते, आणि ते त्यांना पुरत आले होते.

बिरूची बायको सगुणा. सगुणेची लेक शेवंता, तीन वर्षांची, साऱ्या वाड्याची शेवी. रोज सकाळी ही शेवी घोडीच्या पाठीवर, पालाच्या गुंडाळीवर, डेग आणि तवा आणि कोंबड्यांचे खुराडे यांच्याही वर चढून राणीसारखी बसे. तिच्या एका बाजूला जाळीतली चार दिवसांची कोकरे, दुसऱ्या बाजूला आकाश. तिथून ती घोडीवर हुकूम सोडी, कोंबड्यांना दटावी आणि दिसेल त्या बोरीकडे बोट दाखवून वाडा थांबवू पाही. वाडा थांबत नसे. मग ती सगळ्या वाड्यावर रुसे.

त्या सकाळी राणी बसली नाही. अंग चुलीवरच्या तव्यासारखे तापले होते. बिरूने मेंढरे बाहेर काढली, जाता जाता मागे फिरला, लेकीच्या कपाळाला तळहात लावला आणि खांद्यावरची आपली घोंगडी काढून तिच्या भोवती नीट खोचली. “ऊन चढलं की उतरंल ताप,” म्हणाला. मग मार्गशीर्षाच्या गारठ्यात उघड्या खांद्याने डोंगराला लागला. त्याचे एवढे आठवणीने सांगायला हवे, कारण पुढे त्याच्याविषयी चांगले सांगण्यासारखे फारसे नाही.

ऊन चढले. सोनेरी झाले, पांढरे झाले, धारदार झाले. दहिवर वाळले, धूळ जागी झाली, घोड्यांच्या गळ्यातली घुंगरे रुणझुणत राहिली. ताप उतरला नाही.

शेवीला उजेड सोसवेना. ती घोंगडीत तोंड लपवी, आणि घोंगडी जराशी सरकली की कळवळून रडे. मग ओकली. मग रडायचीही थांबली. सगुणेने तिला घोडीवरून उतरवून खांद्यावर घेतले, तर तिची मान खांद्यावर टेकेना. मान लाकडासारखी ताठ. आजारी कोकरे तिने शंभर पाहिली होती. ताठ मानेचे कोकरू सांजेपर्यंत टिकत नाही, हे तिला कुणी शिकवावे लागले नव्हते.

“आक्का, हिचं लक्षान बरं न्हाई,” ती थोरल्या जावेला म्हणाली.

पारूने, थोरल्या जावेने, पोरीकडे पाहिले आणि नजर वळवली. “मुक्कामाला चल आदी. सांजच्याला बापय येत्याल, ते ठरवत्याल. बिरोबाला नारळ बोल.”

सगुणेने नारळ बोलला. देवाला नारळ बोलायला चालणे थांबवावे लागत नाही.

दुपारी तिठा आला. एक वाट डावीकडे, ओढ्याच्या ओलसर, हिरव्या, सावलीच्या कडेने मुक्कामाच्या शेताकडे जाणारी. एक वाट उजवीकडे, उघडी, पांढरी, रखरखीत, बाजाराच्या गावाकडे जाणारी. त्या गावात सरकारी दवाखाना होता. मधोमध एक एकटी बाभूळ, पिवळ्या गोंड्यांनी नटलेली. कुणाचे काय जळते आहे याची झाडांना फिकीर नसते.

“म्या दवाखान्याला जाते,” सगुणा म्हणाली.

“एकली? नवऱ्याला न इचारता?”

“इचारायला हाय कुटं त्यो?”

घोडीची दोरी पारूने स्वतःच्या हातात घेतली, आणि मुक्कामाच्या वाटेवर आपली खूण ठेवून घुंगरांची ती रुणझुण ओढ्याकडे वळली. सगुणा उरली, तिच्या खांद्यावरचा निखारा उरला आणि ऊन उरले.

निरगुडी जवळ नव्हती. हाताशी बाभूळ होती, बोर होती, रुई होती; पण नेम तो नेम. जळते पोर खांद्यावर घेऊन ती ओढ्यापर्यंत उतरली, निरगुडीची ताजी डहाळी मोडली, वर आली. कमरेच्या गुंडाळीतून काळ्या लोकरीचा दोरा काढला, दातांनी तोडला, एका हाताने बांधला. उजव्या वाटेच्या तोंडाशी डहाळी ठेवली, तिच्यावर दगड ठेवला. पुन्हा एकवार वाकून दगड हलवून पाहिला. पक्का होता. मग ती धावत निघाली, आणि तिच्या मनावरचे अर्धे ओझे त्या दगडाखाली मागे राहिले. आता बिरूला कळेल. आता बिरू येईल.

दवाखाना कौलारू, बुटका, पांढऱ्या चुन्याचा. दारात मेंदीचे कुंपण आणि आवारात एक धुळकट जीप. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चेहऱ्यावर झोप अपुरी. त्यांनी शेवीची मान हळूच उचलून पाहिली, डोळ्यांवर बत्ती धरली, आणि त्यांच्या आवाजातली झोप एकदम उडाली.

“बाई, मेंदूला सूज असावी. मी सुई देते, पण इथे याहून जास्त काही होणार नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला हवं, आत्ताच्या आत्ता. जीप उभी आहे, बसा.”

“मालक येत्यात मागनं,” सगुणा म्हणाली. “त्येस्नी येऊ द्या.”

“ते मागून जिल्ह्याला येतील.”

“जिल्ह्याची खूण न्हाई ठिवली.”

डॉक्टरीणबाईंना यातले अक्षर कळले नाही. त्यांनी समजावले, मग आवाज चढवला, मग हात धरला. शिपाई म्हणाला, मी थांबतो दारात, तुमचा माणूस आला की सांगतो. सगुणेने मान हलवली. शिपाई विसरेल, पाणी प्यायला जाईल, घरी जाईल. आणि तिचा माणूस खुणेच्या टोकाला येऊन पाहील, तर तिथे कुणी नाही. तिच्या आईने कधी जागा सोडली नव्हती, आजीने सोडली नव्हती. वाड्यातली एक बाई फार पूर्वी खूण ठेवून पुढे निघून गेली होती, आणि ती पुन्हा कधी सापडलीच नाही, हे ती पोरपणापासून ऐकत आली होती. शहर तिने पाहिले नव्हते. शहरात डहाळ्या कुठे ठेवतात, तिला माहीत नव्हते.

“आत्ता येत्याल. मेंढरं डोंगर उतरली असत्याल आत्तापत्तुर,” ती म्हणाली. “आले की लगीच बसते.”

सुई टोचून झाली. सगुणा शेवीला मांडीवर घेऊन मेंदीच्या कुंपणापाशी बसली, तिथून पांढरी वाट शेवटपर्यंत दिसत होती.

वाट. नुसती वाट. पांढरी, लांब, थरथरणारी. उन्हाच्या लाटा तिच्यावरून सरपटत होत्या, आणि दर लाटेत सगुणेला एक फेटा दिसे, एक काठी दिसे, एक उघडा खांदा दिसे. लाट सरली की फक्त धूळ दिसे. आता येईल. मेंढरे ओढ्यावर पाणी पीत असतील, थोरला भाऊ सुभाना सोबत आहे, त्याच्या हवाली करून निघाला असेल. आता येईल. धुरळा उठला. तिने शेवीला उचलले, उभी राहिली. उसाची बैलगाडी होती. ती खाली बसली.

सावल्या लांबल्या. कुंपणाची सावली तिच्या पायांवर आली, गुडघ्यांवर आली, शेवीच्या तापल्या कपाळावर आली, आणि त्या सावलीचा गारवा लेकीला तेवढाच बरा म्हणून आईने कृतज्ञ व्हावे, अशी ती वेळ. डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा बाहेर येत, पोरीची नाडी पाहत, आईवर चिडत, आत जात. एकदा त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, “अहो, तुम्हाला कळत कसं नाही?” सगुणेला सगळे कळत होते. तिला वाटही कळत होती, माणूसही कळत होता, आणि तो माणूस खूण पाहून येणार नाही हे मात्र तिच्या मनाच्या कोणत्याही कोपऱ्यात मावत नव्हते. भरवसा ही फार मोठी गोष्ट आहे, असे लोक सांगतात. त्या दिवशी त्या भरवशाने पोरीची अख्खी दुपार खाल्ली.

सूर्य डोंगराला टेकला. आभाळ कुंकवाचे झाले, धूळ गुलालाची झाली, गावची गुरे हंबरत परतली, गोरजाचा तो मधुर, मंद, मायाळू उजेड घराघरांवर उतरला. ज्यांना घरे होती ती सगळी माणसे घरी आली.

आणि सगुणेच्या मांडीवर शेवीला झटका आला. डोळे पांढरे, दातखीळ, मुठी वळलेल्या, इवलासा देह धनुष्यासारखा ताणलेला. सगुणेने फोडलेली किंकाळी ऐकून डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी या वेळी विचारले नाही. पोर हिसकून घेतली आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. सगुणा मागे धावली. पायरीवर पाय ठेवता ठेवता तिने मेंदीची एक डहाळी ओरबाडली, जिल्ह्याच्या रस्त्याकडे तोंड करून फाटकापाशी टाकली, तिच्यावर अर्धी वीट ठेवली. दोरा बांधायला वेळ नव्हता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

जिल्ह्याचा दवाखाना पांढरा, भिंती पांढऱ्या, चादरी पांढऱ्या, दिवेही पांढरे. त्या पांढऱ्या अरण्यात सगुणेचे हिरवे लुगडे तेवढे रानाचे होते. नळ्या आल्या, सुया आल्या, बाटल्या उलट्या टांगल्या गेल्या. किती दिवस गेले, तिने मोजले नाहीत. चंद्र खिडकीत बारीक होत गेला, नाहीसा झाला, पुन्हा कोरीएवढा उगवला. शेवी मेली नाही. हळूहळू अंग निवले, मुठी सुटल्या, मान मऊ झाली.

मध्ये एकदा बिरू आला. विचारत विचारत, हरवत हरवत, एस.टी. बदलत आला, आणि खाटेच्या पायथ्याशी फेटा हातात घेऊन उभा राहिला. शेवी ग्लानीत होती. त्याने तिच्या तळपायाला एका बोटाने हात लावला, जणू जोराने लावला तर ती फुटेल. डोळे भरले होते त्याचे; ते खोटे नव्हते.

“तिठ्यावर खूण ठिवली हुती,” सगुणा म्हणाली.

बिरू खाली पाहत राहिला. “दिसली न्हाई गं मला. मेंढरांच्या खुरांत गेली असंल. पारूवहिनीनं रातच्याला सांगितलं तवा कळलं. तवर तुला हिकडं नेलं हुतं.”

आणि सगुणेने, त्या दुपारीने आतून सोलून निघालेल्या सगुणेने, त्याचीच समजूत घातली. “तुमी तरी काय करनार? माज्या हातनंच दगुड लहान बसला असंल.” तो गेला, कारण मेंढरे थांबत नाहीत. तो गेल्यावर कितीतरी वेळ तिला हलके वाटत होते. दोष दगडाचा होता. दगडावर रागावणे सोपे असते.

मग एके सकाळी शेवीने डोळे उघडले, स्वच्छ, ओळखीचे. आईकडे पाहून हसली. सगुणेने तिला छातीशी धरले आणि बोलत सुटली. घोडी तुझी वाट बघती, म्हणाली. तुझी कोकरं मोठी झाली, म्हणाली. आता कुठल्याबी बोरीखाली वाडा थांबवू, म्हणाली. शेवी तिच्या हलणाऱ्या ओठांकडे टक लावून पाहत राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली. तिने आपला वाळका हात आईच्या तोंडावर ठेवला.

“आये, बोल की. बोलत का न्हाईस?”

सगुणा बोलत होती. मोठ्याने बोलत होती. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका वळून पाहू लागल्या, इतक्या मोठ्याने ती लेकीचे नाव घेत होती. “आये, बोल की,” शेवी म्हणत राहिली आणि शेवटी रुसून तिने तोंड फिरवले.

मोठे डॉक्टर आले. त्यांनी तिच्या मागे उभे राहून टाळ्या वाजवल्या, वाटीवर चमचा आपटला. मग सगुणेला बाहेर बोलावले. जीव वाचला हेच खूप, म्हणाले. या आजारात कान जातात कधी कधी, आणि गेलेले परत येत नाहीत. सगुणेने एकच विचारले: दुपारीच आले असते तर? डॉक्टर भले माणूस होते. ते खोटे बोलले नाहीत आणि खरेही पुरते बोलले नाहीत. “कदाचित वाचले असते,” म्हणाले. “कदाचित नसतेही.” त्या कदाचितला तिने पदराला गाठ मारावी तसे जवळ बाळगले आणि लेकीला घेऊन एस.टी.त बसली.

एस.टी.ने तिला तिठ्यावर सोडले. पुन्हा दुपार, पुन्हा पांढरे ऊन, पुन्हा ती एकटी बाभूळ. गोंडे झडले होते, काटे उरले होते. सगुणेची नजर आपसूक उजव्या वाटेच्या तोंडाशी गेली. दगड तिथे नव्हता. खुरांनी तुडवलेली डहाळीही नव्हती. दगड दोन हात बाजूला, बांधाला नीट टेकवून ठेवला होता.

तिने मान वर केली.

बाभळीच्या खालच्या फांदीला निरगुडीची डहाळी उलटी टांगली होती. पाने वाळून राखी झाली होती, पण एकही तुटले नव्हते. कडू ते कडू, कुणी तोंड लावले नव्हते. काळ्या लोकरीचा दोरा वाऱ्यावर हलत होता. तोच दोरा. तिने दातांनी तोडलेला, एका हाताने बांधलेला.

म्हणजे तो इथे उभा राहिला होता. त्या दुपारी, ती वाटेकडे डोळे लावून बसली होती तेव्हा, तो इथे उभा होता. त्याने डहाळी पाहिली, दोरा ओळखला, दगड बाजूला केला. आजोबांनी शिकवले होते तसे, बापाने शिकवले होते तसे, शिस्तीत, नेमाने, खूण झाडाला टांगली. आणि मेंढरांना हाक घालून डावीकडे वळला. तोंड पुढे खोटे बोलले. हातांना खोटे बोलायची सवय नव्हती.

सगुणा रडली नाही. रडायला समोर कुणीतरी लागते, ज्याला ते ऐकू जाईल. तिने डहाळी काढली नाही, दोरा सोडला नाही. ज्याने वाचली त्याने टांगली. खुणेचे काम संपले होते. शेवीला तिने पाठीला घट्ट बांधले आणि घाटाची वाट धरली.

घाट हिरवा होता, गार होता, गहन होता. अंजनीची निळी झुंबरे, कारवीचे वाळके दांडे, दरीतून उठणारे धुके, धुक्यातून उठणारे पक्षी. पाठीवरची शेवी पक्ष्यांकडे बोट दाखवत होती. “आये, त्ये बघ,” म्हणत होती. आणि आपण बोललेले आपल्याला का ऐकू येत नाही म्हणून दर वेळी थोडी गोंधळत होती, थोडी मोठ्याने बोलत होती. सगुणा मागे वळून हसून दाखवी. एवढेच आता बोलणे.

वाट तिच्या पायांना पाठ होती. वाडा दरसाल याच वाटेने, याच उतारांवर उतरे. चौथ्या दिवशी, ऊन कलता कलता तिला तो घाटाखालच्या सपाट टेपावर सापडला. पाले उभी राहिली होती, चुलींचे धूर सरळ वर जात होते. पारू धावत आली, शेवीला कवटाळून तिने बोटे मोडली, “माझी बाय, माझी बाय,” म्हणत राहिली. शेवी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग खाली उतरून तिने कोकरांकडे धाव घेतली आणि एकाला मिठी मारून पाठमोरी बसली.

तेवढ्यात टेकाडावर मेंढरे आली. आधी धूळ आली, मग घंटांची किणकिण, मग लोकरीचा तो काळापांढरा, हलता, श्वास घेता पूर. मावळतीचे ऊन मेंढरांच्या पाठींवर तांबूस होऊन सांडले होते. सगळ्यात मागे काठी टेकत बिरू. त्याने खाली पाहिले. पालापाशी हिरवे लुगडे दिसले, आणि कोकरापाशी एक लहानगी पाठ.

त्याचा चेहरा उजळला. त्याने काठी खाली टाकली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि टेकाडावरून हाक दिली: “शेवेऽऽऽ!”

साऱ्या मेंढरांनी एकदम माना वर केल्या. शेवीने केली नाही.

बिरू हसला. धावत खाली आला, धापा टाकत सगुणेपुढे उभा राहिला. “रुसलीया जणू बापावर.”

“तिठ्यावरनं आले,” सगुणा म्हणाली. “बाभळीला डहाळी हाय अजून.”

हसू त्याच्या तोंडावर तसेच राहिले, फक्त त्याच्या आतला माणूस निघून गेला. तो म्हणाला, “मुक्कामाच्या शेतवाल्याला सबूद दिला हुता. मेंढी अडली हुती वाटंत, सुभाना एकला पडला असता. म्हटलं... म्हटलं तू हायेस. तापच तर हाय. दवाखाना हाय.”

“मंग दिसली न्हाई का म्हनला?”

दूर पारूने चुलीत फुंकर घातली, जाळ भडकला, सगळे तांबडे झाले.

“तुमास्नी खूण दिसली न्हाई,” सगुणा म्हणाली, आवाज न चढवता, रोजच्या भाकरीविषयी बोलावे तशी. “तशी तिला हाक ऐकू आली न्हाई. आता येनार बी न्हाई कदी. तुमी येताल म्हनून म्या सांजपत्तुर गाडीत बसले न्हाई. त्येवढ्यात कान गेलं.”

त्याला आधी कळले नाही. मग कळले, पण पटले नाही. तो दोन पावले पुढे गेला, लेकीच्या त्या लहानग्या पाठीमागे उभा राहिला, आणि छाती फुटेल, घसा फाटेल, डोंगर उलटा बोलेल अशी हाक त्याने दिली. एकदा दिली. पुन्हा दिली. पुन्हा.

डोंगराने हाक परत केली. आणि सगळा कळप त्याच्याकडे धावत सुटला. मेंढ्या आल्या, नर आले, लंगडी आली, म्हातारी आली, अडखळत कोकरे आली, त्याच्या पायांशी, गुडघ्यांशी, कमरेशी लोकरीची लाट येऊन भिडली, आणि साऱ्या माना वर करून, साऱ्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत उभी राहिली. त्या साऱ्यांच्या पलीकडे, मावळत्या उन्हात, शेवी कोकराच्या पाठीवरची कुसळे एक एक करून काढत होती.